दप्तर संगणकावर जाण्यापूर्वी

शासकीय कामकाजाची एखादी संगणक प्रणाली अपयशी ठरली की दोष बहुधा यंत्राला अथवा कर्मचाऱ्यांना दिला जातो. प्रत्यक्षात तिचे यशापयश आज्ञावलीची पहिली ओळ लिहिली जाण्यापूर्वीच बव्हंशी ठरलेले असते. कोणते काम, कोणासाठी आणि कोणत्या नियमानुसार करावयाचे, हे निश्चित करणे ही पहिली पायरी होय. ते काम उपलब्ध साधनांत साध्य आहे काय, ही तपासणी म्हणजे दुसरी पायरी.

शेजारच्या जिल्ह्यातील प्रयोग

केंद्र शासनाने १९८८-८९ साली भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची योजना देशातील आठ जिल्ह्यांत प्रायोगिक तत्त्वावर हाती घेतली. महाराष्ट्रातून निवड झाली ती वरोरा तालुक्याला लागून असलेल्या वर्धा जिल्ह्याची. मर्यादित क्षेत्रात अनुभव घेऊन मगच विस्तार करावा, हे व्यवहार्यता तपासणीचेच तत्त्व आहे.

गरजांचा अभ्यास

सातबारा उतारा दिसावयास साधा असतो. गाव नमुना सातमध्ये धारणाधिकाराची व बारामध्ये पिकांची नोंद असते. तथापि विदर्भातील महसुली दप्तरात निस्तार पत्रक व वाजिब-उल-अर्ज यांतील सामाईक हक्कांच्या नोंदीही आहेत. चंद्रपूर, गडचिरोलीसह पूर्व विदर्भात ‘झुडपी जंगल’ हा शेराही आढळतो. अशा जमिनी वनजमिनी होत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी दिला. छापील नमुना पाहूनच प्रणालीचा आराखडा आखला आणि असा एखादा शेरा रकान्याअभावी गळाला, तर जमिनीचे स्वरूपच चुकीचे नोंदले जाईल. म्हणून आराखडा आखणाऱ्याने तलाठी दप्तरात बसून प्रत्यक्ष काम पाहणे अगत्याचे ठरते.

व्यवहार्यतेच्या चार कसोट्या

पहिली कसोटी तांत्रिक : वीज, दूरसंचार जोडणी व देवनागरीतील नोंदींची सोय गावपातळीवर आहे काय? दुसरी आर्थिक. येथे यंत्रखरेदीपुरता विचार पुरेसा नसून नोंदणी, पडताळणी, प्रशिक्षण व दुरुस्ती यांचा आवर्ती खर्चही धरावा लागतो. तिसरी कायदेशीर : अंकीय स्वाक्षरीस माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये मान्यता मिळाली आणि राज्यात अंकीय स्वाक्षरीचा सातबारा २०१८ साली उपलब्ध झाला. त्या आधाराविना संगणकीय उताऱ्यावर हाताने सही घेणे भागच होते. चौथी कसोटी कार्यवाहीची. जुनी व नवी पद्धत काही काळ एकाच वेळी चालविण्याइतके मनुष्यबळ उपलब्ध आहे काय, हे तीत पाहिले जाते.

यंत्र चुकीची नोंदही तितक्याच तत्परतेने पुरविते. यास्तव २०१७ साली राज्यात संगणकीकृत सातबाराचे चावडी वाचन करून खातेदारांकडून आक्षेप घेण्यात आले. ही पडताळणी जितकी लवकर होईल, तितका दुरुस्तीचा खर्च व खातेदाराचा मनस्ताप कमी.

‘तूर्त नाही’ हेही उत्तर

व्यवहार्यता अहवाल ही मंजुरीपूर्वीची औपचारिकता नव्हे. योजना पुढे ढकलावी किंवा तिची व्याप्ती कमी करावी, असा निष्कर्ष काढण्याची मोकळीक त्यात असलीच पाहिजे. शाळेची पटनोंदणी असो वा ग्रामपंचायतीची कर आकारणी, नवी प्रणाली स्वीकारण्यापूर्वी सदस्यांनी व शिक्षकांनी या चार कसोट्यांची लेखी उत्तरे मागावीत. आरंभीच्या अभ्यासात गेलेले दोन महिने वाया गेले असे वाटले, तरी चुकलेल्या नोंदीपायी शेतकऱ्याला तहसील कचेरीत घालाव्या लागणाऱ्या खेपा त्यामुळेच वाचतात.