गाळा वसईला, गोडाऊन भिवंडीला, हिशेब क्लाउडवर

चिंचोटीला मुंबई-अहमदाबाद महामार्गावरून भिवंडीचा रस्ता फुटतो. एका अंगाला वालीव, सातिवलीचे औद्योगिक गाळे, दुसऱ्या अंगाला कामणवरून पुढे अंजूरफाटा आणि भिवंडीची गोडाऊनं. अशा टापूतला एखादा मध्यम कारखाना डोळ्यांसमोर आणा. टॅली भाड्याच्या एका क्लाउड सर्व्हरवर. ऑर्डर घेणारी वेबसाइट दुसऱ्याच कंपनीच्या क्लाउडवर, कारण ती बनवणाऱ्या पोराला तेच येत होते. बॅकअप तिसरीकडे, कारण तिथे सुरुवातीला फुकट जागा मिळाली. गाळ्यात मशीनला जोडलेला संगणक, गोडाऊनमध्ये बारकोड वाचणारा मोबाइल, आणि रात्री घरून लॅपटॉपवर येणे-देणे पाहणारे शेठ. मोठ्या कंपन्या याला ‘मल्टिक्लाउड धोरण’ म्हणतात. इथे धोरण वगैरे काही नसते, ते आपोआप साचत जाते. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुण्यात, ॲमेझॉनने २०१६ साली आणि गूगलने २०१७ साली मुंबईत क्लाउड केंद्रे सुरू केली. त्यामुळे हे सगळे सर्व्हर अंतराने जवळच असू शकतात. पण एका कंपनीच्या क्लाउडमधून दुसरीच्या क्लाउडमध्ये जायला त्यांच्यात आपोआप कोणतीही खासगी वाट नसते.

हे तुकडे जोडण्याची सर्रास चालणारी युक्ती म्हणजे राउटरवर किंवा सर्व्हरवर एक पोर्ट बाहेरच्या जगाला उघडून ठेवणे. उदाहरणार्थ, विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपच्या पोर्टचा क्रमांक ३३८९. जगभरातले स्वयंचलित प्रोग्रॅम असेच उघडे क्रमांक रात्रंदिवस चाचपत असतात, आणि फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या टोळ्यांचा हा जुना राबता आहे. शिवाय हल्ली ही युक्तीही धड चालत नाही. मोबाइल नेटवर आणि अनेक ब्रॉडबँड जोडण्यांवर ग्राहकाला स्वतःचा सार्वजनिक आयपी पत्ता मिळतच नाही. असंख्य घरे आणि गाळे एकाच पत्त्यामागे असतात. मग क्लाउड कंपन्यांची स्वतःची व्हीपीएन गेटवे उरतात. ती चांगली आहेत, पण प्रत्येकीची भाषा वेगळी, बिल वेगळे. शिवाय प्रत्येक जागा प्रत्येकीशी थेट जोडायची तर पाच जागांना १० बोगदे लागतात, दहा जागांना ४५. त्यात पत्त्यांची टक्कर. ॲमेझॉनचे आयते जाळे प्रत्येक ठिकाणी १७२.३१ नेच सुरू होते आणि घरोघरच्या राउटरवर १९२.१६८ असते. एकाच पत्त्याची दोन यंत्रे समोरासमोर आली की डेटाचे पाकीट कोणाकडे धाडायचे हे कोणालाच कळत नाही.

ओव्हरले व्हीपीएन या सगळ्या जाळ्यांच्या वर आपले एक वेगळे जाळे पसरते. खाली कोणाचा क्लाउड आहे, कोणाची केबल आहे, याच्याशी त्याला देणेघेणे नसते. प्रत्येक यंत्रावर एक छोटा प्रोग्रॅम बसतो आणि त्याला नवा पत्ता मिळतो. टेलस्केल या अशाच एका सेवेत तो १००.६४ पासूनच्या राखीव टापूतला असतो. दोन यंत्रांना एकमेकांचा बाहेरचा पत्ता एक समन्वयक सर्व्हर सांगतो. मग दोघेही एकाच सुमारास एकमेकांकडे पाकीट सोडतात आणि दोन्हीकडच्या राउटरना वाटते की हे आपल्याच पाकिटाचे उत्तर आले आहे. कोणताही पोर्ट उघडावा लागत नाही. हे साधलेच नाही तर मधल्या सर्व्हरमार्फत वाहतूक होते, पण त्याला आतला मजकूर वाचता येत नाही. टेलस्केल आणि तशीच दुसरी सेवा नेटबर्ड यांचा पाया ‘वायरगार्ड’ आहे. जेसन डोनेनफेल्ड यांनी रचलेले हे तंत्र मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या गाभ्यात आले. त्याचा मूळ कोड जेमतेम चार हजार ओळींचा. त्याची सेटिंग फाइल उघडून पाहावी. स्वतःची गुप्त किल्ली, स्वतःचा पत्ता, मग समोरच्या प्रत्येक यंत्राची ४४ अक्षरांची जाहीर किल्ली, आणि तिच्याखाली ‘अलाउड आयपीज’ ही ओळ. या किल्लीने आलेले पाकीट कोणत्या पत्त्यांवरून आलेले चालेल, ते तिथे लिहिलेले असते. त्यात न बसणारे पाकीट मुकाट्याने फेकले जाते.

माझ्या मते या तंत्राची खरी किंमत त्या एका ओळीत आहे. विक्रेते गुप्तसंकेतांचे कौतुक करतात, पण वाटेत कोणी ऐकू नये एवढ्यावर सुरक्षितता भागत नाही. २७ जून २०१७ रोजी नोटपेट्या या व्हायरसने जहाजवाहतूक करणाऱ्या मर्स्क समूहाच्या यंत्रणा बंद पाडल्या आणि त्यात न्हावा-शेव्याचे, जेएनपीटीतले, त्यांचे कंटेनर टर्मिनलही ठप्प झाले. व्हायरस शिरला होता युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. तिथून तो विंडोजमधल्या एका भोकाचा आणि चोरलेल्या पासवर्डांचा आधार घेत कंपनीच्या आतल्या जाळ्यातून यंत्रामागून यंत्र धरत गेला. मर्स्कने नुकसान २० ते ३० कोटी डॉलर सांगितले. आतली सगळी वाहतूक गुप्त असती तरी हे टळले नसते, कारण चोर वाटेत नव्हता, घरात होता. युक्रेनमधल्या हिशेबाच्या यंत्राला इतक्या दूरवर पोचता येत होते, हे खरे दुखणे. ओव्हरलेमध्ये गोडाऊनच्या मोबाइलला फक्त साठ्याचा सर्व्हर दिसावा, टॅली दिसूच नये, बॅकअपला तर कोणीच हात लावू नये, असा नियम यंत्रागणिक आणि माणसागणिक लिहिता येतो. यंत्र कोणत्या क्लाउडवर आहे हा मुद्दाच राहत नाही. ते कोण आहे, एवढेच पाहिले जाते. मात्र हा नियम कोणीतरी लिहावा लागतो. टेलस्केल आणि नेटबर्ड दोन्हींत सुरुवातीची मुभा ‘सगळ्यांना सगळे’ अशीच असते, आणि ती तशीच ठेवणारा माणूस पैसे देऊन नवे सपाट जाळे विकत घेतो.

आता आक्षेप. वेग कमी होतो का? थोडासा. प्रत्येक पाकिटावर वेष्टन चढते, म्हणून १५०० बाइटच्या पाकिटाऐवजी वायरगार्ड साधारण १४२० धरतो. हे जुळले नाही की छोटे संदेश जातात आणि मोठी फाइल अडकते. मग बिचारा आयटीवाला दिवसभर केबल बदलत बसतो. क्लाउडमधून बाहेर जाणाऱ्या डेटाचे बिलही टळत नाही. रोज प्रचंड डेटा हलवणाऱ्याने थेट लाइनच घ्यावी. चलनांना आणि साठ्याच्या आकड्यांना ओव्हरले पुरून उरते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. गुप्त किल्ली आपल्याच यंत्रावर राहते हे खरे, पण कोणती किल्ली कोणाची हे समन्वयक सांगतो. तो बंद पडला तर चालू जोडण्या बहुधा टिकतात, नवी यंत्रे जोडता येत नाहीत. तो फितूर झाला तर परके यंत्र आत घुसवू शकतो. म्हणून नवे यंत्र आपल्याच जुन्या यंत्राने सही केल्याशिवाय घ्यायचे नाही अशी सोय टेलस्केलने दिली आहे. स्लॅक कंपनीने २०१९ साली खुल्या केलेल्या नेब्युला या ओव्हरलेमध्ये तर ओळखपत्रे आपणच छापायची असतात. ज्यांच्याकडे सांभाळणारा माणूस आहे त्यांनी स्वतःचा समन्वयक चालवावा. ज्यांच्याकडे नाही त्यांनी तो हट्ट धरू नये. अपडेट न केलेला स्वतःचा सर्व्हर परक्याच्या नीट राखलेल्या सर्व्हरहून वाईट.

व्हीपीएन म्हटले की कायद्याची धास्ती वाटते. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाने व्हीपीएन विकणाऱ्यांना ग्राहकांच्या नोंदी पाच वर्षे ठेवायला सांगितले; कंपनीच्या अंतर्गत व्हीपीएनला ती अट नाही, असे नंतर स्पष्ट झाले. पण १८० दिवसांचे लॉग आणि घटनेची सहा तासांत खबर या अटी कंपन्यांनाही आहेत, आणि डेटा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात वाजवी सुरक्षा न ठेवल्याचा दंड २५० कोटींपर्यंत जातो. आपण लहान, आपल्याला कोण विचारतो, हे म्हणणे त्या चाचपणाऱ्या प्रोग्रॅमना ऐकू येत नाही. आणि नुसते व्हीपीएन असूनही भागत नाही: अमेरिकेतली कलोनियल पाइपलाइन २०२१ साली बंद पडली ती वापरात नसलेल्या एका व्हीपीएन खात्यामुळे. पासवर्ड फुटलेला होता, दुसरी पडताळणी नव्हती. तेव्हा कोणतेही सॉफ्टवेअर घेण्याआधी गाळेमालकाने आपल्या आयटीवाल्याकडून दोन गोष्टी लिहून मागाव्यात: आज कोणते पोर्ट बाहेर उघडे आहेत, आणि नोकरी सोडून गेलेल्यांपैकी कोणाचे खाते अजून चालू आहे.