पेटीवाले गप्प बसले तेव्हा

‘संत तुकाराम’ची (१९३६) सुरुवात आठवा. विष्णुपंत पागनीस तल्लीन होऊन विठ्ठलाचं भजन गातात. मग तीच रचना सालोमालो स्वतःची म्हणून नाटकी ढंगात, मुरक्या घेत ठोकून देतो. शब्द तेच, गळे दोन. खरा भक्त कोण आणि ढोंगी कोण, हे कुणी सांगायच्या आधीच कानांना कळलेलं असतं. ही किमया संगीतकार केशवराव भोळ्यांची. याच चित्रपटासाठी शांताराम आठवल्यांनी लिहिलेला अभंग पुष्कळांना आजही तुकोबांचाच वाटतो. गीतकाराला याहून मोठी पावती कुठली मिळणार?

पुढच्याच वर्षी ‘कुंकू’ आला. संगीत पुन्हा भोळ्यांचं, दिग्दर्शन व्ही. शांतारामांचं. त्या काळी नटाने तोंड उघडलं की कुठूनशी पेटी-तबल्याची साथ सुरू व्हायची आणि प्रेक्षकांना त्यात काही वावगं वाटत नसे. इथे पार्श्वसंगीताला सरळ फाटा दिला. घरात जे वाजेल तेवढंच ऐकू येणार. म्हाताऱ्या वकिलाच्या गळ्यात फसवून बांधलेली नीरा त्या घरात वावरते तेव्हा भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येते. ती टिकटिक नवऱ्याच्या सरत्या वयाची आहे, तशीच तिच्या वाया चाललेल्या दिवसांचीही. गावंसं वाटलं तर नीराला सोबत ग्रामोफोनची. शांता आपटे त्या तबकडीशी सूर जुळवते तेव्हा त्या घरात तिच्याशी नीट बोलणारं ते एकच काहीतरी आहे, असं वाटून पोटात कालवतं. मागे वाद्यवृंद वाजला असता तर तिचं हे एकटेपण असं अंगावर आलंच नसतं. मराठी पडद्यावर मला सगळ्यांत धाडसी वाटलेला हा निर्णय १९३७ सालचा आहे.

नंतरची काही दशकं गाणी भरभरून आली. लावण्यांनी थिएटरं गाजवली. त्या सगळ्यांचा हिशेब इथे मांडत नाही. पण ‘सामना’ चित्रपटातलं एक गाणं वगळून पुढे जाववत नाही. आरती प्रभूंचे शब्द, भास्कर चंदावरकरांची चाल आणि रवींद्र साठ्यांचा तो जड, संथ आवाज. गाणं पडद्यावर कुणीच म्हणत नाही. डॉ. लागूंचा मास्तर पाहताना मात्र ते त्याच्याच पाठीवर लादल्यासारखं वाटतं.

मग थेट ‘फँड्री’. नागराज मंजुळेंनी वापरलेलं संगीत सगळ्यांच्या ओळखीचं होतं: राष्ट्रगीत. जब्याचं अख्खं कुटुंब डुकरामागे धावतंय, डुक्कर आता हाती लागणार, एवढ्यात शाळेतून राष्ट्रगीताचे सूर येतात. जब्या थबकतो, ताठ उभा राहतो. घरचेही जागच्या जागी थांबतात आणि डुक्कर निसटून जातं. शाळेत शिकवलेला मान तो पोरगा काटेकोर पाळतो. त्याला मान द्यायला मात्र गाव तयार नाही. मी हा प्रसंग पाहिला तेव्हा सुरुवातीला थिएटरात हसू फुटलं होतं. ते अर्ध्यातच विरलं.

‘सैराट’ (२०१६) त्याच दिग्दर्शकाचा. अजय-अतुल यांनी त्यासाठी हॉलीवूडमध्ये भलामोठा वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला आणि त्या गाण्यांवर लोक पडद्यापुढे जाऊन नाचले. आमच्या तालुक्याच्या थिएटरातही शिट्ट्यांनी कान बसले होते. मग शेवट आला. शेजारीण लहानग्याला दारात आणून सोडते. तो आत जातो, आई-बापाला पाहतो, रडत बाहेर येतो. त्याचं तोंड उघडं दिसतं, आवाज नाही. सगळा वाद्यवृंद हाताशी असलेल्या माणसाने त्या क्षणी मुलाचं रडणंसुद्धा ऐकू दिलं नाही. फरशीवर रक्ताने उमटत जाणारी इवली पावलं तेवढी दिसत राहिली. दिवे लागल्यावरही आमच्या रांगेतलं कुणी उठेना. डोक्यावरचा पंखा घरघरत होता.