कमी दाब झाला; आता वादळ होणार का?



मे महिन्याचा शेवटचा पंधरवडा आला, की आपल्याकडे दोन गोष्टींची चर्चा सुरू होते. एक आंब्याच्या उतरलेल्या भावाची आणि दुसरी पावसाची. त्यातच एखाद्या दिवशी बातम्यांत सांगतात, की अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले आहे. झालं! संध्याकाळपर्यंत गावाच्या पारावर वादळ येऊन गेलेलेसुद्धा असते. कुणी म्हणतो, मुंबई बुडणार. कुणी म्हणतो, ते गुजरातेत जाणार. आणि कुणी म्हणतो, "अहो, दर वर्षी असंच सांगतात, काही होत नाही." या तिघांपैकी खरे कोण बोलतो? त्या दिवशी तरी तिघांनाही ते ठाऊक नसते. आणि खरे सांगायचे, तर जाणकारांनाही ते पुरते ठाऊक नसते. फरक एवढाच, की ते कळायला कशाकडे पाहायचे हे जाणकाराला माहीत असते. आज आपण तेवढेच समजून घेऊ.

२०२५ च्या मे महिन्याची गोष्ट पुष्कळांना आठवत असेल. कोकण आणि गोव्यासमोरच्या समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले, आणि 'शक्ती' नावाचे वादळ येणार अशी बोलवा उठली. वादळ जन्मायच्या आधीच त्याचे बारसे झाले म्हणाना! प्रत्यक्षात काय घडले? ते क्षेत्र थोडे बळावले, २४ मे रोजी दुपारच्या सुमारास रत्नागिरी आणि दापोली यांच्या जवळपास किनारा ओलांडून आत आले आणि जमिनीवर विरून गेले. चक्रीवादळ म्हणावे इतका जोर त्याला कधी आलाच नाही. पाऊस मात्र सपाटून झाला आणि २६ मे रोजी मोसमी पाऊस मुंबईत दाखलही झाला. 'शक्ती' हे नाव तसेच यादीत पडून राहिले. पुढे ऑक्टोबरात गुजरातजवळच्या समुद्रात खरोखरीचे वादळ झाले, तेव्हा ते नाव त्याला मिळाले; आणि ते वादळ पश्चिमेकडे भर समुद्रात जाऊन तिथेच थकले.

म्हणजे पाहा, मे महिन्यात नाव होते पण वादळ नव्हते, आणि ऑक्टोबरात वादळ होते पण ते आपल्याकडे आले नाही. मग 'होणार का' आणि 'येणार का' हे दोन प्रश्न निरनिराळे धरले पाहिजेत, नाही का?

आधी पायऱ्या समजून घेऊ. आपले हवामान खाते वाऱ्याच्या वेगावरून या पायऱ्या ठरवते. वारा ताशी ३१ किलोमीटरच्या आत असेल, तर ते नुसते कमी दाबाचे क्षेत्र. ३१ ते ४९ पर्यंत गेला, की त्याला डिप्रेशन म्हणतात, आणि ५० ते ६१ म्हणजे तीव्र डिप्रेशन. ताशी ६२ किलोमीटरला चक्रीवादळाची पायरी लागते, आणि नाव मिळते ते इथेच, त्याआधी नाही. ८९ ला ते तीव्र होते, ११८ ला अतितीव्र, आणि २२२ च्या वर गेले तर महाचक्रीवादळ. अमेरिकेकडच्या अटलांटिक महासागरात ज्याला हरिकेन म्हणतात, ते आपल्या साधारण अतितीव्र पायरीच्या बरोबरीचे. तिकडेही वादळाला नाव आधी मिळते आणि हरिकेन हा दर्जा मागाहून. चीन-जपानच्या बाजूला त्यालाच टायफून म्हणतात. नावे तीन, पण प्रकृती एकच.

आता ही प्रकृती कशी घडते? समुद्राचे पाणी तापले, की त्याची वाफ होते. ती दमट हवा वर चढते, वर थंडावते, तिचे ढग होतात. वाफेचे पाणी होताना तिच्यात दडलेली उष्णता बाहेर पडते, आणि ती भोवतालची हवा आणखी तापवते. तापलेली हवा आणखी वर जाते, खाली दाब आणखी उतरतो, आणि ती जागा भरायला चहूकडून वारे धावतात. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे हे वारे सरळ न येता वळून येतात, आणि आपल्या गोलार्धात घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने भोवरा फिरू लागतो. चूल आपल्याच धगीने आणखी पेटावी, तसा हा प्रकार आहे. पण प्रत्येक चूल काही पेटत नाही. त्याला चार गोष्टी जुळाव्या लागतात.

पहिली गोष्ट पाण्याची. ते साधारण साडेसव्वीस अंशांपेक्षा अधिक उष्ण हवे, आणि ही ऊब नुसती वरवरची असून भागत नाही. वारे समुद्र घुसळतात, तेव्हा खालचे पाणी वर येते. ते गार असले, तर वादळ आपल्याच हाताने आपली चूल विझवते. म्हणून पन्नाससाठ मीटर खोलीपर्यंत पाणी उबदार असावे लागते.

दुसरी गोष्ट जागेची. विषुववृत्ताच्या अगदी जवळ वाऱ्यांना वळण मिळत नाही. तिथून साधारण पाच अंश, म्हणजे साडेपाचशे किलोमीटर तरी दूर असल्याखेरीज भोवरा सहसा धरत नाही.

तिसरी गोष्ट दमटपणाची. अरबस्तानाच्या वाळवंटाकडून कोरडी हवा मधल्या थरात शिरली, की ढग आतून पोकळ होतात.

चौथी गोष्ट सर्वांत कळीची. खालच्या आणि वरच्या वाऱ्यांत फार तफावत असता कामा नये. घरातली मडक्यांची उतरंड आठवा. मडक्यावर मडके नीट बसले तर ती उभी राहते. कुणी वरच्या मडक्याला धक्का दिला, की सगळी कलंडते. वादळ ही ढगांची दहाबारा किलोमीटर उंच उतरंड आहे. खाली वारा एकीकडे आणि वर जोराचा वारा दुसरीकडे, असे झाले की ती तिरपी होते आणि मोडते. जुलै-ऑगस्टमध्ये समुद्र खवळलेला असूनही अरबी समुद्रात चक्रीवादळे क्वचितच होतात, याचे हेच मुख्य कारण. तेव्हा खाली नैर्ऋत्येचे जोरदार वारे असतात आणि वर पूर्वेचे. म्हणून आपली वादळे बहुधा मे-जूनमध्ये, नाहीतर ऑक्टोबर ते डिसेंबरात होतात.

या चारांवर पाचवी अट वेळेची. सगळे जुळले तरी वाढायला अवधी लागतो, आणि तो समुद्रावरच मिळावा लागतो. मे २०२५ चे ते क्षेत्र किनाऱ्याजवळच जन्मले आणि दोन दिवसांत जमिनीला लागले. याउलट २०२० चे 'निसर्ग' पाहा. ३१ मेला कमी दाब, १ जूनला डिप्रेशन, २ जूनला चक्रीवादळ, आणि ३ जूनला तीव्र होऊन ते दुपारी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळले. मुंबई थोडक्यात वाचली. पण श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगड या भागांतल्या नारळी-पोफळीच्या वाड्या झोपल्या. पोफळीचे झाड उत्पन्नाला यायला वर्षे लागतात. तीन दिवसांची करामत, आणि भरपाई एका पिढीची!

मग हे आधी सांगता येते का? पुष्कळसे येते. उपग्रह ढगांची चित्रे सतत पाठवतात. ढगांची गुंडाळी किती झाली आहे यावरून वाऱ्याचा वेग अजमावण्याची एक पद्धत व्हर्नन ड्वोरॅक या अमेरिकी शास्त्रज्ञाने बसवली, आणि ती आपल्याकडेही वापरतात. वैद्य नाडी पाहतो ना, त्यातलाच प्रकार. वादळ जवळ आले, की किनाऱ्यावरची रडार यंत्रे ते टिपतात. शिवाय मोठी गणकयंत्रे आजच्या हवेवरून पुढच्या हवेचे गणित मांडतात. तेही एकदा नव्हे. सुरुवातीचे आकडे किंचित बदलून तेच गणित पन्नास-पन्नास वेळा करतात. बहुतेक उत्तरे एकाच बाजूला आली, तर भरवसा वाढतो. पांगली, तर हवामान खाते 'शक्यता कमी', 'मध्यम' किंवा 'जास्त' एवढेच सांगते. पुष्कळांना ही टाळाटाळ वाटते. मला विचाराल, तर तो प्रामाणिकपणा आहे. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. वादळ कुठे जाईल, हे आता बरेच नेमके सांगता येते. ते किती आणि किती लवकर बळावेल, हे सांगणे अजूनही अवघड आहे.

हे अवघड असल्याची किंमत २०१७ साली फार मोठी मोजावी लागली. २९ नोव्हेंबरला श्रीलंकेच्या बाजूला एक डिप्रेशन झाले. दुसऱ्याच दिवशी कन्याकुमारीजवळ त्याचे चक्रीवादळ झाले. हेच ते 'ओखी'. तोवर तामिळनाडू आणि केरळातले कितीतरी मच्छीमार खोल समुद्रात गेलेले होते. त्यांच्यापर्यंत निरोप पोचायला वेळच उरला नाही. शेकडो माणसे परत आली नाहीत. काही होड्या वाऱ्यापुढे वाहत येऊन आपल्या सिंधुदुर्गात, देवगडच्या बंदरात लागल्या. इतक्या लांब!

आता दुसरी बाजू. जून २०१९ मध्ये 'वायू' हे वादळ सौराष्ट्राच्या रोखाने निघाले. लाखो लोकांना किनाऱ्यावरून हलवले. आणि वादळ ऐनवेळी वळले, किनारा न ओलांडताच निघून गेले. तेव्हा काहींना वाटले, की सगळी धावपळ फुकट गेली. पण ती फुकट गेली असे म्हणता येईल का? चोर आला नाही म्हणून काल रात्री लावलेली कडी फुकट गेली असे आपण म्हणत नाही.

तरीही किनाऱ्यावरच्या एखाद्या तांडेलाच्या जागी स्वतःला उभे करून पाहा. डिझेल भरलेले, बर्फ घेतलेला, खलाशांना उचल दिलेली. पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून मासेमारीला बंदी लागते, म्हणजे हातात थोडेच दिवस. आणि बंदरावर बावटा चढतो. बाहेर आभाळ मोकळे, समुद्र शांत. गेल्या खेपेला बावटा लागला होता आणि काही झाले नव्हते. या खेपेला तो गेला, तर त्याला अडाणी म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्याचे नुकसान खरे आहे. म्हणून 'शक्यता मध्यम' या शब्दांचा अर्थ त्याला आधी समजला पाहिजे, आणि थांबल्याबद्दलचा तोटा एकट्याने त्यानेच सोसावा अशी व्यवस्थाही नसावी. नुसता इशारा देऊन काम पुरे होत नाही.

आपल्यासारख्यांनी काय करावे? कमी दाबाची बातमी ऐकली, की तीन प्रश्न विचारावेत. ते किनाऱ्यापासून किती दूर आहे? कोणत्या पायरीवर आहे? आणि कालच्यापेक्षा आज वर चढले आहे की खाली उतरले आहे? उत्तरासाठी हवामान खात्याची त्या दिवसाची ताजी बातमी ऐकावी; कालची बातमी वादळाच्या बाबतीत शिळी असते. आणि पारावर कुणी न जन्मलेल्या वादळाचे नाव सांगू लागला, तर हसून विचारावे, "अहो, वारा ताशी बासष्ट झाला का?"

तो झाला नसेल, तर भिऊ नये. पण म्हणून होडी लोटायचीही घाई करू नये. एका रात्रीत किती बदलते, ते ओखीने दाखवले आहे.