बारीक माणसाची चरबी

(अन्न, अंग आणि आरोग्य : लेखांक ६)

"एवढा बारीक माणूस, त्याला कशी काय शुगर निघाली?" पेणच्या बाजारपेठेत, रोह्याच्या एसटी स्टँडवर, लग्नाच्या पंगतीत हा प्रश्न हल्ली सारखा कानावर पडतो. विचारणाऱ्याला नवल वाटतं, कारण मधुमेह हा लठ्ठ माणसाचा, खाऊनपिऊन सुखी घरातला आजार, अशी समजूत आपल्याकडे पक्की बसली आहे. जन्मभर खाचरात राबलेला, पट्टा आवळून पँट घालणारा माणूस त्या समजुतीत बसत नाही.

या प्रश्नाचा छडा लावण्यात मोलाची भर घालणारं एक ठिकाण रायगडकरांपासून फार लांब नाही. खोपोलीवरून बोरघाट चढून गेलं की पुण्याच्या रास्ता पेठेत केईएम रुग्णालय आहे. तिथल्या मधुमेह विभागात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेली तीसहून अधिक वर्षं याच कोड्यावर काम केलं.

मागच्या लेखात बीएमआय कसा काढायचा ते पाहिलं : किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. १८३०च्या दशकात बेल्जियमच्या केटले या गणितज्ञाने हे गणित मांडलं तेव्हा त्याला लोकसमूहाची सरासरी हवी होती, एकेका माणसाची प्रकृती तपासायची नव्हती. याज्ञिकांनी या आकड्याची मर्यादा दाखवली ती स्वतःच्याच शरीरावरून. २००४च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक अगदी छोटं टिपण छापून आलं. त्यात दोन शास्त्रज्ञांचे फोटो शेजारी शेजारी होते : लंडनचे जॉन युडकिन आणि पुण्याचे याज्ञिक. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. वजनकाट्याच्या आणि मोजपट्टीच्या लेखी दोघं जुळे भाऊच. मात्र डेक्सा या क्ष-किरण तपासणीने शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के चरबी निघाली, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन धावणारे, तेव्हा व्यायामाचा वाटा असणारच. पण टिपणात आणखी एका गोष्टीकडे बोट दाखवलं होतं : याज्ञिक जन्माला आले तेव्हा त्यांचं वजन कमी होतं. पुढचं बरंचसं संशोधन या एका वाक्याभोवती फिरतं.

त्याआधी चरबीविषयीच थोडं. चरबीला आपण सरसकट शत्रू ठरवून टाकतो, ते बरोबर नाही. मांड्या, नितंब, दंड इथे कातडीखाली साठणारी चरबी बऱ्याच अंशी निरुपद्रवी असते, उपयोगीही असते. फ्रान्सच्या मार्सेय शहरातले डॉक्टर जाँ व्हाग यांनी १९४७ सालीच लिहून ठेवलं की लठ्ठपणा किती यापेक्षा चरबी कुठे बसली आहे हे महत्त्वाचं. पोटावर चरबी धरणाऱ्यांना मधुमेह आणि हृदयविकार जास्त गाठतात. कित्येक वर्षं त्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. आज मात्र हे सर्वमान्य आहे. पोटाच्या पोकळीत, आतड्यांच्या भोवती साठणाऱ्या चरबीतून सुटणारी मेदाम्लं थेट यकृताकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत उतरतात. यकृतात चरबी भरू लागली की ते इन्सुलिनचं ऐकेनासं होतं, गरज नसताना साखर रक्तात सोडत राहतं, आणि ही वाढीव साखर आवरता आवरता स्वादुपिंड थकतं.

मग कातडीखालची चरबी काढून टाकली तर? अमेरिकेत नेमका हाच प्रयोग झाला. पंधरा लठ्ठ स्त्रियांच्या पोटावरची सुमारे दहा-दहा किलो चरबी शस्त्रक्रियेने शोषून काढली. २००४ साली निष्कर्ष आला : रक्तातली साखर, इन्सुलिनचं काम, रक्तदाब, कशातच सुधारणा नाही. काढली होती ती कातडीखालची चरबी, आतली नव्हे. याच्या उलट काही माणसांत जन्मतःच कातडीखाली चरबी साठत नाही. दिसायला ती पिळदार असतात, पण त्यांना तरुणपणीच तीव्र मधुमेह होतो, कारण खाल्लेल्या अन्नातली चरबी ठेवायला सुरक्षित जागाच नसते. घरातली कणगी लहान असली की जादाचं भात पडवीत, ओसरीवर, जिथे नको तिथे पडतं, तसं हे आहे. कणगी लहान असेल तर थोड्या पिकानेही घर भरून जातं. भारतीय माणसाची ही कणगी युरोपीय माणसाच्या मानाने लहान असते, असं आता अनेक संशोधक मानतात. म्हणूनच पाच-सात किलो वजन वाढलं की युरोपातल्या माणसाला काही होत नाही आणि रोह्यातल्या माणसाचा रिपोर्ट बिघडतो.

ती लहान का राहते? याचं उत्तर शोधताना पुण्याचं काम जगाच्या पुढे गेलं.

१९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’ सुरू झाला. लग्न झालेल्या तरुण स्त्रियांची गर्भधारणेच्या आधीपासून मोजमापं घेतली गेली. पुढे सुमारे आठशे गर्भवतींचं खाणं, काम आणि रक्त तपासलं गेलं आणि जन्मलेल्या बाळांची नोंद झाली. या स्त्रियांचं गरोदरपणाआधीचं सरासरी वजन जेमतेम बेचाळीस किलो होतं. बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो, त्याच पद्धतीने मोजलेल्या इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधल्या बाळांचं ३.५ किलो. आठशे ग्रॅमचा हा फरक कशात होता, हे पाहिल्यावर संशोधक चकित झाले. पुण्याच्या बाळांचा दंड बारीक, पोटाचा घेर लहान. म्हणजे स्नायू आणि यकृतासारखे आतले अवयव कमी वाढलेले. पण खांद्याच्या फऱ्याखाली चिमटीत धरून मोजलेली त्वचेची घडी त्या मानाने चांगलीच भरलेली. स्नायू गमावले होते, चरबी राखली होती. २००३ साली हे निष्कर्ष छापून आले आणि वैद्यकीय जगात या बाळाला ‘थिन-फॅट इंडियन बेबी’ असं नाव पडलं : दिसायला किडकिडीत, आतून मेदभरलं. अशा बाळांच्या नाळेतल्या रक्तात इन्सुलिनही लंडनच्या गोऱ्या बाळांपेक्षा जास्त सापडलं होतं. मधुमेहाच्या वाटेवरचं पहिलं पाऊल पाळण्यातच पडलेलं असतं, हे म्हणायला आता आधार होता.

ही मुलं मोठी झाली, तरी संशोधकांनी त्यांना सोडलं नाही. सहाव्या, बाराव्या आणि अठराव्या वर्षी त्यांच्या तपासण्या झाल्या. अठराव्या वर्षी जवळपास निम्म्यांचा बीएमआय १८.५च्या खाली होता, म्हणजे ही तरुण मंडळी चक्क कमी वजनाची होती. आणि तरीही ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुली यांच्या रक्तातली साखर मधुमेहपूर्व पातळीला पोचलेली होती. इथे दोष फक्त चरबीचा नाही. पोटात असताना उपाशी राहिलेलं स्वादुपिंडही दुबळं निघतं. साखर उचलणारे स्नायू कमी, इन्सुलिन तयार करणारं यंत्र नाजूक, आणि जी थोडी चरबी आहे ती चुकीच्या जागी. लेखाच्या सुरुवातीच्या प्रश्नाला इतकं थेट उत्तर दुसऱ्या कुठल्या अभ्यासाने क्वचितच दिलं असेल.

यात सर्वांत अस्वस्थ करणारा भाग आयांच्या कामाचा आहे. आघारकर संशोधन संस्थेच्या शोभा राव यांनी याच खेड्यांतल्या नोंदींवरून दोन गोष्टी दाखवल्या. ज्या गर्भवतींच्या जेवणात पालेभाज्या, फळं आणि दूध अधिक वेळा होतं त्यांची बाळं मोठी जन्मली. आणि पाणी भरणं, धुणं, शेतातली कामं ज्यांच्या वाट्याला जास्त आली त्यांची बाळं लहान.

हे वाचताना पेणचा खारेपाट डोळ्यांपुढे आल्याशिवाय राहत नाही. हेटवण्याचं धरण तालुक्यात असूनही खाडीकाठच्या गावांतल्या बायकांनी पिण्याच्या पाण्यासाठी काढलेली वर्षं सगळ्या जिल्ह्याला माहीत आहेत. आषाढात गुडघाभर चिखलात वाकून लावणी करणाऱ्या बायांमध्ये पोटुशी बाई असणं हे आपल्याला इतकं सवयीचं झालं आहे की त्यात काही वावगं वाटत नाही. रोह्याच्या, पेणच्या डोंगरकडेच्या कातकरी वाड्यांवर तर ती बाई वीटभट्टीवर गेलेली असते. तिच्या डोक्यावरचा हंडा आणि तिच्या मुलाला चाळिशीत लागणाऱ्या गोळ्या यांचा संबंध आहे, हे गावच्या ग्रामसभेत कुणी मांडत नाही. मांडायला हवं. नळाचं पाणी ही मधुमेह टाळण्याचीही योजना आहे.

खाण्याच्या बाबतीत कोकणाची बाजू काहीशी उजवी आहे. पुण्याच्या त्या खेड्यांत सुमारे दोन तृतीयांश गर्भवतींत बी-१२ जीवनसत्त्व कमी सापडलं. २००८ साली असंही दिसलं की आईच्या रक्तात फोलेट भरपूर आणि बी-१२ कमी असेल, तर सहा वर्षांच्या मुलांत इन्सुलिनला दाद न देण्याची लक्षणं अधिक. हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मांस आणि मासळीतून मिळतं. सुकट आणि जवळ्यातूनही. पावसाळ्यात पेण-रोह्याच्या बाजारात आदिवासी बायका टाकळा, कुर्डू, भारंगी घेऊन बसतात. वाल तर या मातीचंच पीक. पण ताटात तांदळाची भाकरी आणि भाताचा डोंगर, बाजूला कालवणाचा रस्सा आणि मासळीची तुकडी पुरुषांच्या पानात, ही घराघरांतली वाटणी बदलली नाही तर गरोदर बाईला या श्रीमंतीचा उपयोग नाही.

आता जे आज तिशी-पन्नाशीत आहेत त्यांनी काय करायचं? जन्मवजन बदलता येत नाही, कंबर बदलता येते. भारतीयांसाठी २००९ साली तज्ज्ञांनी ठरवलेल्या मर्यादा लक्षात ठेवायला सोप्या आहेत : बीएमआय २३ पासून पुढे वजन जास्त, २५ पासून लठ्ठपणा, कंबर पुरुषाची ९० सेंटिमीटर, बाईची ८० सेंटिमीटर, त्यापुढे धोका. टेप पँटच्या पट्ट्यावर धरायची नसते. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून, पोट आत न ओढता माप घ्यायचं. शिंप्याकडची साधी टेप पुरते. प्रत्येक आशाताईच्या पिशवीत ती असावी आणि रक्तदाबाबरोबर कमरेचा आकडाही केसपेपरवर यावा, अशी मागणी करणं अवाजवी नाही.

कारण टेप लावली की चित्र बदलतं. ‘आयसीएमआर-इंडियाब’ या देशव्यापी पाहणीत एक लाख तेरा हजार लोक तपासले गेले. २०२३ साली निष्कर्ष आले तेव्हा बीएमआयप्रमाणे लठ्ठ ठरलेले २८.६ टक्के होते, पोटाच्या घेराप्रमाणे ३९.५ टक्के. मधुमेहाचं देशातलं सर्वाधिक प्रमाण निघालं ते आपल्याच किनारपट्टीवर, गोव्यात : २६.४ टक्के.

आतली चरबी हट्टी असली तरी वजन उतरू लागलं की यकृतातली चरबी लवकर हलते. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचे रॉय टेलर यांनी लठ्ठ नसलेल्या वीस मधुमेहींवर एक छोटा अभ्यास केला. बीएमआय सरासरी २५च्या आत. त्यांनी टप्प्याटप्प्याने दहा टक्क्यांच्या आसपास वजन कमी केलं आणि त्यांतल्या चौदा जणांची साखर औषधांशिवाय ताब्यात आली. सत्तर किलोच्या माणसाच्या हिशेबात हे सात किलो झाले. अर्थात चालू गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत. डॉक्टरांना सांगून, साखर तपासत हे करायचं. आणि वजन घटवताना स्नायू जाऊ द्यायचे नाहीत. धाटावच्या कारखान्यात पाळी करणाऱ्या कामगाराला किंवा पेणच्या गणपती कार्यशाळेत तासन्‌तास मांडी घालून रंगकाम करणाऱ्या कारागिराला नुसतं चालणं पुरणार नाही. उठाबशा, जोर, वजन उचलणं, आणि ताटात डाळ, वाल, अंडी, मासळी यांचा वाटा हवा.

पुण्याच्या अभ्यासातल्या बाळांची आता लग्नं झाली आहेत. २०१२ पासून त्यांच्यातल्या किशोरवयीन मुलामुलींना बी-१२च्या गोळ्या देण्याचा प्रयोग सुरू झाला, तो ती आईबाप होण्याच्या आधीच जीवनसत्त्वाची भर पडावी म्हणून. या मुलींच्या पोटी जन्मलेल्या बाळांच्या तपासण्या झाल्या असून, दोन वर्षांच्या वयात बौद्धिक वाढीत फायदा दिसला आहे. त्या प्रयोगाची आणि अंगणवाडीतून मिळणाऱ्या लोह-फोलेटच्या गोळ्यांत काय असावं या वादाची माहिती पुढच्या लेखांकात.