भीमेचा भोपळा, मिरजेची जवारी

जुन्नरची कुकडी नदी घोडला मिळते, आंबेगावातून आलेली घोड पुढे भीमेत जाते. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला भीमेकाठी पिकणारे मोठाले कडू भोपळे वाळून तानपुऱ्यांसाठी मिरजेच्या सतारमेकर गल्लीत पोचतात. जुन्नरकडच्या नारायणगावच्या तमाशाच्या फडातल्या तुणतुण्याला लाकडी नळा, तळाशी कातडं, एक काठी, खुंटी आणि तार एवढं पुरतं. तानपुऱ्याचा मामला वेगळा.

मिरजेत सतारी-तानपुरे बनवण्याचं काम एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला शिकलगारांनी सुरू केलं. शिकलगार म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे. संस्थानांच्या लढाया थांबल्या, तसा तो धंदा बसला. मिरजेचे संस्थानिक पटवर्धन गाण्याचे शौकीन. त्यांच्या आश्रयाने फरीदसाहेब शिकलगार वाद्यांकडे वळले आणि पुढच्या पिढ्यांना सतारमेकर हेच आडनाव पडलं.

व्हायोलिन बनवायला शिकणाऱ्याच्या हाती आधी साचा येतो. स्प्रूसची वरची फळी, मेपलची पाठ, जाडी मिलिमीटरमध्ये ठरलेली. इटलीतल्या क्रेमोनाची शाळा 1938 पासून हेच शिकवते. पहिलं व्हायोलिन बिघडलं, तर ते कुठे बिघडलं हे नकाशाशी ताडून पाहता येतं. मिरजेत माप भोपळा ठरवतो, आणि एक भोपळा दुसऱ्यासारखा नसतो. घेर पाहून तबलीची, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी फळीची, रुंदी धरायची, त्या बेताने गळा आणि दांडी. लाकूड बहुधा तुनाचं, पण मुरलेलं हवं. ओलं वापरलं तर दांडी पुढे वाकते आणि सूर हलतो. नवशिक्याला पहिला धडा इथेच मिळतो: दुसऱ्याच्या वाद्याचं माप आपल्या भोपळ्याला लावलं की सांधा बसत नाही.

घासणं, खरवडणं, लाखेचं पॉलिश ही कामं डोळ्याला कळतात. जवारी डोळ्याला कळत नाही. तारा ज्या घोडीवरून जातात, तिची पाठ कानशीने अगदी थोडी उतरती करायची. थरथरणारी तार त्या उतारावर हलकेच टेकत राहते, म्हणून एका सुरातून त्याचे उपस्वर उमलतात. उतार जास्त झाला तर आवाज कोरडा येतो, पाठ सपाट राहिली तर तार नुसती भरभरते. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा घालून तो केसाएवढा मागेपुढे सरकवत सूर खुलण्याची जागा शोधायची.

शिकणाऱ्याला दिलासाही इथेच आहे. भोपळा चिरला की गेला, आखूड कापलेली दांडी लांब होत नाही. घोडी मात्र पुन्हा घासता येते, फार खालावली तर बदलता येते. वाजवून वाजवून तारांनी घोडीवर चरे पाडले की उस्तादाच्या वाद्यालाही जवारी नव्याने काढावीच लागते. म्हणजे जुन्या तानपुऱ्यांच्या दुरुस्तीत हात आणि कान दोन्ही तयार होतात, नवं वाद्य न बिघडवता.

पण कान एकट्याने तयार होत नाही. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत राहत होते. 1937 साली ते गेले, त्यांची कबरही इथेच आहे. अशा गवयांच्या शेजारात तानपुरा कारागिराच्या पसंतीने नव्हे, गाणाऱ्याच्या गळ्याने पास होतो. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याने नाव राखलं जाईल. नव्या हातांना मात्र त्याहून जास्त गरज आहे ती चोखंदळ गिऱ्हाइकाची. घोडी परत घासायला लावणाऱ्या गवयाची.