आबांची खुर्ची

माझ्या खोलीत बसायला तीन जागा आहेत. हात असलेली एक लाकडी खुर्ची, एक पांढरी प्लास्टिकची आणि कोपऱ्यात एक स्टूल. जळगावातल्या रिंग रोडजवळ एका दुकानाच्या वर ही खोली आहे. दारावर 'समुपदेशन व मार्गदर्शन' अशी पाटी आहे, तरी हल्लीची मुलं विचारतात, "मॅडम, तुम्ही लाइफ कोच ना?" मी हो म्हणते. नावावरून वाद घालण्यात अर्थ नाही. येणारा माणूस काहीतरी अडलंय म्हणून जिना चढून आलेला असतो.

गेल्या वर्षी चैत्रात एक मुलगा आला. ओळख पटेल असं काही सांगत नाही, थोडे तपशील बदलतेही आहे. साक्री तालुक्यातला, घरी कोरडवाहू कापूस. जळगावात खोली करून राज्यसेवेचा अभ्यास करत होता. पूर्व दोनदा निघाली, मुख्य अडकली. त्यात २०२५पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, म्हणजे वर्षानुवर्षं गोल काळे करायची लावलेली सवय मोडायची. हे सगळं त्याने वर्तमानपत्रातल्या बातमीसारखं सांगितलं. अडचण नेमकी कुठे आहे ते विचारलं तेव्हा बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मी तीन आखाज्या घरी गेलो नाही."

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. अक्षय तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो. सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गौराईची गाणी होतात, खापरावरची पुरणपोळी आणि आमरस असतो. दिवाळी चुकली तर चालेल, आखाजी चुकवत नाहीत. हा मुलगा तीन वर्षं खोलीवर एकटा राहिला, कारण गावात पाय ठेवला की पारावरून प्रश्न येणार, "काय, पोस्ट निघाली का?" आणि आबा, म्हणजे त्याचे वडील, काही बोलणार नाहीत. त्याला खरी भीती त्या न बोलण्याचीच होती.

अशा वेळी सल्ला द्यायची फार घाई होते. 'अरे, आईवडील आहेत, जा की' हे मीही म्हणू शकले असते, आणि त्याचा काडीचाही उपयोग झाला नसता. हे त्याच्या मित्रांनी, बहिणीने, खोलीमालकानेही सांगून झालं होतं. शिवाय धुळे जिल्ह्यातल्या मुलांच्या मानेवर एक आणखी ओझं असतं. साक्री तालुक्यातल्या सामोड्याचे डॉ. राजेंद्र भारूड भारतीय प्रशासकीय सेवेत २०१३च्या तुकडीतले अधिकारी. वडील जन्माआधीच गेलेले, आईने मोहाची दारू विकून मुलं वाढवलेली. त्यांचं 'मी एक स्वप्न पाहिलं' या मुलाच्या खोलीवरही होतं. ते जिद्दीसाठी वाचायचं पुस्तक, पण दोन निकाल हुकल्यावर त्यातून त्याला एकच आवाज ऐकू यायचा: 'त्यांना जमलं, तुला काय धाड भरली?' मी त्याला विचारलं, "त्या गोष्टीत तू नेहमी मुलगाच का होतोस? एकदा आई होऊन वाच." तो नुसता बघत राहिला. मग मी प्लास्टिकची खुर्ची ओढून त्याच्यासमोर ठेवली.

रिकाम्या खुर्चीची ही पद्धत जुनी आहे. मानसोपचारतज्ज्ञ मोरेनो यांच्या मनोनाट्यातून ती आली आणि फ्रिट्झ पर्ल्स यांनी १९६०च्या दशकात सर्वदूर नेली. करायचं इतकंच, की ज्याच्याबद्दल मनात गाठ आहे तो समोर बसलाय असं धरून बोलायचं, मग उठून त्याच्या खुर्चीत बसायचं आणि त्याच्या जागेवरून उत्तर द्यायचं. उठणं महत्त्वाचं आहे. जागच्या जागी 'आबांना काय वाटत असेल?' असं विचारलं की डोकं उत्तर देतं, आणि ते उत्तर डोक्याने आधीच पाठ केलेलं असतं. शरीर हललं, भिंत बदलली, समोर स्वतःचीच रिकामी खुर्ची दिसली, की पाठ केलेलं विसरतं.

तो उठला. आबांच्या खुर्चीत बसताना त्याने चप्पल काढून मांडी घातली आणि खिशातला रुमाल खांद्यावर टाकला. मी काही सांगितलं नव्हतं. मी विचारलं, "आबा, तुम्हना पोऱ्या कथा शे?"

इतका वेळ पुस्तकी मराठीत बोलणारा मुलगा एकदम अहिराणीत आला. "जळगावले शे. शिकी ऱ्हायना." थोडं थांबून म्हणाला, "तो जेवस का नई, तेच माले समजस नई."

निकालाचा, पोस्टचा, गावात काय म्हणतील याचा एक शब्द नाही. जेवतो की नाही तेच मला कळत नाही, एवढंच. हे बोलून त्याने रुमाल तोंडाला लावला आणि खूप रडला. मी पाण्याचा तांब्या सरकवून गप्प बसले.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. त्या खुर्चीत बसलेले आबा खरे आबा नव्हेत. मी त्यांना कधी भेटले नाही. ते मुलाच्या मनातले आबा, पण तीन वर्षं त्याने त्यांना बोलूच दिलं नव्हतं. खरे आबा रागावतीलही. तेही मी त्याला सांगितलं.

जागा बदलली की लगेच हलकं वाटतं, हा समज चुकीचा आहे, आणि धुळ्याला गेले की मला ते दर वेळी आठवतं. मी एक शनिवार सोडून एसटीने एरंडोल, पारोळ्यावरून धुळ्याला जाते. देवपुरात एका डॉक्टर मैत्रिणीच्या दवाखान्यात बसते. धुळ्यात उतरलं की मला हमखास तिथल्या तुरुंगाची आठवण होते. १९३२मध्ये २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारी एक अध्याय, अशी विनोबांनी तिथे कैद्यांसमोर गीता सांगितली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. त्या गीतेची सुरुवातच जागा बदलण्याने होते. अर्जुन म्हणतो, माझा रथ दोन्ही सैन्यांच्या मध्ये नेऊन उभा कर. तिथून त्याला आपलीच माणसं दिसतात आणि त्याच्या हातून धनुष्य गळतं. आधी कोसळणं, मग सतरा अध्याय बोलणं. माझ्या खोलीतही क्रम हाच असतो. म्हणून खुर्ची मांडण्याआधी मी घड्याळ बघते. पुढे तासभर हाताशी नसेल तर मांडत नाही.

प्रत्येकाला खुर्ची लागते असंही नाही. रावेरकडचे एक केळी बागायतदार वादळात बाग आडवी झाल्यावर भावाबरोबर आले होते. त्यांना मी सगळं 'मी' न म्हणता 'तो' म्हणून सांगायला लावलं. आपल्याशीच आपल्या नावाने बोललं की ताण थोडा दूर सरतो, हे मिशिगन विद्यापीठाच्या ईथन क्रॉस यांनी प्रयोगांतून दाखवलंय. सांगता सांगता ते म्हणाले, "त्याने गेल्या वेळी अर्ध्या गावाचे पंचनामे करून घेतले होते." आणि थबकले. मग भावाला म्हणाले, तलाठ्याचा नंबर लाव.

पण एक चूक मी केली आहे, आणि ती लिहिल्याशिवाय हा लेख खरा होणार नाही. काही वर्षांपूर्वी एक बाई आली. नवरा संशय घ्यायचा, घालूनपाडून बोलायचा. मी उत्साहात होते. म्हटलं, त्याच्या खुर्चीत बसून बघा. ती बसली आणि नवऱ्याच्या बाजूने इतकं नेमकं बोलली की मी चपापले: "हिला अक्कल नाही, म्हणून हात उचलावा लागतो." मारहाण होते हे मी तोवर विचारलंच नव्हतं. ती रोज त्याच्याच नजरेने स्वतःकडे बघत होती, आणि मी तिला पुन्हा तिथेच बसवलं. मी तिला लगेच उठवलं, माझ्याजवळ बसवलं, माफी मागितली. मग २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यातलं संरक्षण, संरक्षण अधिकारी, सखी केंद्र, १८१ क्रमांक, सगळं कागदावर लिहून दिलं. तेव्हापासून मी आधी विचारते: घरी कोणी हात उचलतं का? झोप लागते का? मरावंसं वाटतं का? शेवटच्या प्रश्नाला 'हो' आलं तर खुर्च्या बाजूला आणि आधी मानसोपचारतज्ज्ञ. टेलिमानस या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरात लावलाय.

नुसती नजर बदलून सगळं होत असतं, तर जळगावात दीपस्तंभ संस्थेच्या 'मनोबल' प्रकल्पाला दृष्टिहीन आणि अपंग मुलांसाठी राहण्या-जेवणाची, शिकवण्याची व्यवस्था उभी करावी लागली नसती. बळ जागेतून आणि अन्नातूनही येतं. माझं काम त्याच्या अलीकडचं, छोटं आहे.

तो मुलगा पुढे चार वेळा आला. आम्ही अभ्यासाचं वेळापत्रक केलं, आणखी किती वर्षं द्यायची याची तारीख त्याने स्वतः वहीत लिहिली. ती तारीख घरी सांगायची, असंही त्यानेच ठरवलं. पारावर काय उत्तर द्यायचं याची तालीम तर आम्ही हसत हसत केली.

आखाजीच्या आदल्या दिवशी माझा धुळ्याचा शनिवार होता. बसमध्ये तो मागच्या सीटवर दिसला, मांडीवर सॅक आणि बहिणीच्या मुलांसाठी घेतलेला खाऊ. पारोळ्यापर्यंत आम्ही बोललो, मग त्याला झोप लागली. धुळ्याच्या स्टँडवर उतरून तो साक्रीची गाडी शोधायला निघाला आणि चालता चालता त्याने फोन लावला. आवाज मोठा होता, मला मागून ऐकू आला.

"आबा, मी ई ऱ्हायनू. जेवाले घरच शे."