पट्टीचे शून्य आणि प्रश्नाचे शून्य

गोव्यातील डिचोली तालुक्याच्या दक्षिण सीमेवरून वाहणाऱ्या मांडवीच्या काठी, नार्वे किंवा सारमानस येथील फेरीधक्क्यासारख्या जागी, पाण्याची पातळी मोजण्यासाठी जे साधन उभे करावे लागते ते दिसायला अगदी साधे असते. सेंटिमीटरच्या खुणा रंगवलेली एक सरळ पट्टी धक्क्याच्या खांबाला अशी आवळून बांधलेली असते की, ओहोटीच्या तळाशीही तिचे खालचे टोक पाण्यात राहावे आणि उधाणाच्या भरतीतही वरचे टोक बुडू नये. ठरावीक वेळाने पट्टीवरचा आकडा वाचायचा आणि वहीत उतरवायचा, इतकेच हे काम असल्याचे वाटते. परंतु भौतिकशास्त्रातील मोजमाप म्हणजे काय आणि माणसांच्या वर्तनाचे मोजमाप त्याहून अवघड का ठरते, हे समजून घ्यायला ही एक पट्टी पुरेशी आहे.

पहिली अडचण वाचनाचीच असते. नदीचे पाणी कधी स्थिर नसते; फेरीबोट सुटली की लाटा पट्टीवर चढतात व उतरतात, आणि अशा वेळी लाटेचा माथा व तळ हे दोन्ही आकडे काही वेळा पाहून त्यांची सरासरी घ्यावी लागते. घड्याळाकडेही तितकेच लक्ष द्यावे लागते. भरती-ओहोटीतील अंतर दोन मीटर असेल आणि एका भरतीपासून दुसरीपर्यंत सुमारे 12 तास 25 मिनिटे जात असतील, तर मध्यावर असताना पाणी तासाला जवळजवळ 50 सेंटिमीटरने, म्हणजे मिनिटाला सुमारे 8 मिलिमीटरने चढते किंवा उतरते. त्यामुळे नोंद घेणाऱ्याचे घड्याळ दहा मिनिटे चुकले, तर पातळीत आठ सेंटिमीटरची चूक शिरते. हीच दहा मिनिटे भरती पूर्ण होऊन पाणी थबकलेले असताना चुकली, तर आकड्यात फारसा फरक पडत नाही. चूक तीच असली तरी तिचे मोल प्रसंगानुसार बदलते, ही मोजमापशास्त्राची पहिली शिकवण होय.

दुसरी अडचण शून्याची. पट्टीवरचा 1.40 हा आकडा स्वतः काहीच सांगत नाही, कारण पट्टीचे शून्य बांधणाऱ्याच्या सोयीने कोठेही आलेले असते. म्हणून काठावरच्या एखाद्या पक्क्या बांधकामावर तलचिन्ह, म्हणजे ज्याची उंची बदलणार नाही असा संदर्भबिंदू, निश्चित केला जातो आणि सर्वेक्षणाच्या दुर्बिणीने त्या चिन्हाच्या तुलनेत पट्टीचे शून्य किती खाली आहे हे मोजले जाते. पट्टी चिखलात रोवलेली असेल आणि पंधरवड्यात तीन सेंटिमीटर खचली, तर नदी तेवढीच चढल्याचा भास होतो. सगळी वाचने काटेकोर असूनही निष्कर्ष चुकतो, आणि वाचनांची संख्या कितीही वाढवली तरी ही चूक भरून निघत नाही. यादृच्छिक चुका, म्हणजे कधी वर तर कधी खाली पडणाऱ्या चुका, सरासरीत विरतात. शून्य सरकल्याने येणारी पद्धतशीर चूक सरासरीतही तशीच उरते.

अशी वाचने महिनाभर चालवावी लागतात आणि त्याचे कारण आकाशात आहे. भरतीचा मुख्य घटक चंद्राचा असून त्याचा आवर्तनकाल 12.42 तास आहे, तर सूर्याच्या घटकाचा बरोबर 12 तास. हे दोन घटक अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास एकमेकांना साथ देतात तेव्हा उधाण येते आणि अष्टमीच्या आसपास एकमेकांना छेदतात तेव्हा भांगाची भरती येते. ते वेगळे ओळखण्यासाठी सुमारे पंधरा दिवसांची नोंद पुरते. मात्र चंद्र पृथ्वीच्या जवळ-दूर होण्यामुळे उद्भवणारा घटक निराळा काढायचा असेल, तर साडेसत्तावीस दिवसांहून अधिक नोंद हवी. महिन्याभराच्या वेड्यावाकड्या आलेखातून ठाऊक आवर्तनकालांच्या लाटा एकेक करून सोडवणाऱ्या या रीतीस हरात्मक विश्लेषण म्हणतात. त्यातून प्रत्येक घटकाचा आयाम, म्हणजे मध्य पातळीपासून त्याची कमाल उंची, आणि कला, म्हणजे तो शिखरास पोचण्याची वेळ, हे दोन आकडे मिळतात.

दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी 2003 च्या मार्च-एप्रिलमध्ये मांडवी आणि जुवारी या नद्यांवर 13 ठिकाणी महिनाभर पाणीपातळी नोंदवली, तेव्हा हाती आलेले चित्र अनपेक्षित होते. समुद्रापासून आत जाताना तळाच्या घर्षणाने भरती दुबळी होत जाईल असे सहज वाटते. प्रत्यक्षात मुखापासून सुमारे 40 किलोमीटरपर्यंत तिचा आयाम जवळजवळ तसाच राहतो आणि त्यापुढच्या दहाएक किलोमीटरांत एकदम ओसरतो. याचा उलगडा करण्यासाठी प्रतिमान लागते. प्रतिमान म्हणजे नदीची हुबेहूब नक्कल नसते. तिच्यातील बहुतेक तपशील जाणूनबुजून टाकून देऊन उरलेल्या मोजक्या नियमांनी तिचे वर्तन घडते का, हे तपासण्याची ती एक मांडणी असते. येथे नियम दोनच: आत आलेले पाणी कोठेतरी साठले पाहिजे, आणि पाण्याला ढकलणारा उतार व अडवणारे घर्षण यांवरून त्याचा वेग ठरला पाहिजे. मांडवीचे पात्र मुखापासून आत अरुंद होत जाते, त्यामुळे आत शिरणारी लाट दाबली जाऊन उंचावू पाहते; घर्षण तिला खाली खेचते; आणि या दोहोंचा तोल बऱ्याच अंतरापर्यंत टिकल्याने आयाम स्थिर राहतो. पाण्याची सरासरी खोली पाच मीटर धरली, तर घर्षण वगळून अशा लाटेचा वेग सेकंदाला सुमारे सात मीटर येतो, म्हणजे 40 किलोमीटर आत भरती पोचायला दीड तासाच्या आसपास लागावा. हा हिशेब कागदावर करता येतो आणि पट्टीवर पडताळता येतो.

घर्षणाचा गुणांक मात्र कोणत्याही नियमातून मिळत नाही. प्रतिमान आणि नोंदी जुळेपर्यंत तो कमी-अधिक करावा लागतो. ज्या नोंदींवर जुळवणी केली त्याच नोंदींवर प्रतिमान खरे उतरल्याचे सांगणे म्हणजे उत्तरपत्रिका पाहून सोडवलेल्या गणिताला पैकीच्या पैकी गुण देणे होय. म्हणून पडताळणीसाठी वेगळ्या नोंदी राखून ठेवल्या जातात. शिवाय उन्हाळ्यात बसवलेले प्रतिमान जुलैत जसेच्या तसे चालत नाही, कारण पावसाळ्यात सह्याद्रीवरून येणारा लोंढा वरच्या भागातील भरतीला दाबून टाकतो. आणि मांडवीचा गुणांक पेडण्याच्या तेरेखोल किंवा शापोरा नदीस उसना देता येत नाही. प्रत्येक प्रतिमानाला असा ऋतू आणि असा काठ असतो.

माणसांच्या वर्तनाकडे वळताना हाच ऋतू अनपेक्षितपणे पालटू शकतो. डिचोलीतील खनिज घेऊन मुरगावकडे जाणाऱ्या बार्जेसच्या फेऱ्यांचे प्रतिमान अनेक वर्षांच्या नोंदींवरून चांगले बसवता आले असते; पण सप्टेंबर 2012 मध्ये राज्य शासनाने खाणी थांबवल्या, त्यामागोमाग सर्वोच्च न्यायालयाचाही आदेश आला, आणि त्या फेऱ्यांची सारी आवर्तने एकाएकी थांबली. भरतीच्या आवर्तनकालांत मात्र काहीही फरक पडला नाही, कारण चंद्रावर कोणाचा आदेश चालत नाही.

याहून खोल अडचण शून्याची आहे आणि तिचे उत्तम उदाहरण गोव्याच्याच इतिहासात सापडते. डिसेंबर 1963 च्या पहिल्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला आणि पेडण्यात जन्मलेले दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. हा निकाल म्हणजेच महाराष्ट्रात विलीन होण्याचा कौल, असे एका बाजूचे म्हणणे होते. पक्षाला दिलेले मत आणि विलीनीकरणाला दिलेले मत या दोन निराळ्या गोष्टी आहेत, असे दुसऱ्या बाजूचे. वाद वरवर राजकीय असला तरी त्याचे स्वरूप मोजमापाच्या वादाचे होते: पट्टी नेमके काय मोजत होती? त्याचा निवाडा म्हणून 16 जानेवारी 1967 रोजी जनमत कौल घेण्यात आला. फूल म्हणजे विलीनीकरण आणि दोन पाने म्हणजे संघप्रदेश, असे दोनच पर्याय मतपत्रिकेवर होते. गोव्यात फुलाला 1,38,170 आणि दोन पानांना 1,72,191 मते पडली. पेडणे, डिचोली, सत्तरी यांसारख्या नव्या काबिजादींतील, म्हणजे पोर्तुगीजांनी उशिरा ताब्यात घेतलेल्या, तालुक्यांत विलीनीकरणाचा जोर अधिक असूनही 34,021 मतांच्या फरकाने गोवा वेगळा राहिला. त्यानंतर दहा-अकरा आठवड्यांतच, मार्च 1967 मध्ये, विधानसभेची निवडणूक झाली आणि विलीनीकरणाचा पुरस्कार करणाऱ्या त्याच पक्षाने 30 पैकी 16 जागा जिंकून पुन्हा सत्ता मिळवली.

दोन्ही वाचने अचूक होती आणि मतदारही जवळपास तेच होते. तरी ती एकाच आलेखावर मांडली की जनता भांबावलेली दिसते. वस्तुतः सरकले होते ते शून्य. एका वेळी प्रश्न प्रदेशाच्या भवितव्याचा होता, दुसऱ्या वेळी राज्य कोणी चालवावे याचा. एका वेळी प्रत्येक मत सबंध गोव्याच्या बेरजेत मिळवले गेले, दुसऱ्या वेळी मतदारसंघ स्वतंत्रपणे मोजले गेले. घटक राज्य हा तिसरा पर्याय कौलात नव्हताच. 30 मे 1987 रोजी गोव्याने जे रूप घेतले, त्याची इच्छा 1967 च्या मतपत्रिकेवर उमटण्यास जागाच नव्हती, आणि ज्याला पट्टीवर खूण नाही ते वाचता येत नाही. याखेरीज पट्टी बांधल्याने नदीची पातळी बदलत नाही, पण कौल घेण्याचे जाहीर होताच प्रचार सुरू होतो आणि जे मोजायचे तेच मोजणीमुळे घडू लागते.

म्हणूनच नदीकाठच्या नोंदवहीत आकड्यांच्या रकान्यांपूर्वी जी चार ओळींची जागा राखलेली असते, तिचे महत्त्व रकान्यांहून कमी नसते: ठिकाण, तारीख, वाचणाऱ्याचे नाव, आणि तलचिन्हापासून पट्टीचे शून्य किती खाली. लोकमताचा कोणताही आकडा वाचताना याच चार ओळी मागाव्यात. फक्त शेवटच्या ओळीत सेंटिमीटरांऐवजी विचारलेला प्रश्न शब्दशः लिहावा, आणि त्याखाली, मतदाराला न दिलेले पर्यायही.